बंद संगणक आणि विजेची वाट

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, कुंभकोणमच्या पूर्वेकडे, तिरुनीलक्कुडी नावाचे एक लहानसे गाव आहे. येथील नीलकंठेश्वराच्या लिंगावर तिळाच्या तेलाचा अभिषेक करतात, आणि कितीही तेल वाहिले तरी ते लिंगातच जिरून जाते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. मराठी वाचकास हा मुलूख अगदीच परका म्हणता येणार नाही. तंजावरचे अमरसिंह महाराज १७९८ मध्ये गादीवरून दूर झाल्यावर येथून जवळच असलेल्या तिरुविडैमरुदूर या क्षेत्री येऊन राहिले होते. चहूकडे भातखाचरे, त्यांमधून गेलेले पाट, आणि पलीकडे आडुतुरै येथे १९२२ पासून चालत आलेले भातसंशोधनाचे केंद्र, असा हा सारा प्रदेश भाताचा आहे.

परंतु या पुस्तिकेत आपल्याला काम आहे ते देवळाशी नव्हे किंवा इतिहासाशीही नव्हे. ते आहे टेबलावर ठेवलेल्या एका संगणकाशी. तामिळनाडूत ‘इ-सेवै’ या नावाची सेवाकेंद्रे असून त्यांतील पुष्कळशी प्राथमिक कृषी सहकारी पतसंस्थांच्या कचेऱ्यांतून चालतात. जमिनीचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचा अर्ज ही कामे तेथे संगणकावर होतात. सांबा हंगामातील भाताच्या विम्याची मुदत बहुधा १५ नोव्हेंबरच्या सुमारास संपते, आणि ईशान्य मोसमी पावसाचा भरही नेमका त्याच दिवसांत असतो. आता अशी कल्पना करा की, तिरुनीलक्कुडीसारख्या एखाद्या गावात अशाच एका केंद्रासमोर मुदतीच्या आदल्या दिवशी शेतकऱ्यांची रांग लागली आहे. रात्रभर पाऊस झाला आहे. केंद्रातील मुलगी संगणकाचे बटण दाबते, आणि काहीच होत नाही. पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, पडदा काळाच राहतो. ती पुन्हा दाबते, अधिक जोराने दाबते. रांगेतील म्हातारा विचारतो, “अम्मा, आज होईल ना?”

या प्रश्नास तिने काय उत्तर द्यावे? कुंभकोणमहून दुरुस्तीवाला येईपर्यंत दिवस जाईल, आणि तो आल्यावरही यंत्र उचलून घेऊन जाईल. पुष्कळदा असे होते की, यंत्र नेले जाते, ‘बोर्ड गेला’ असे सांगून परत येते, आणि दोष मुळात भिंतीवरच्या सॉकेटात असतो. आपल्याकडच्या शाळांतही कोपऱ्यात कापड घालून ठेवलेले ‘बिघडलेले’ संगणक आपण पाहतो. त्यांतील कित्येक बिघडलेले नसतात. त्यांच्याकडे नीट चौकशी कोणी केलेली नसते.

ही चौकशी कशी करावी, तेच येथे सांगावयाचे आहे. तिच्यासाठी अभियंता असावे लागत नाही. संगणकाला न विचारता विजेला विचारावयाचे असते, आणि प्रश्न एकच असतो : बाई, तू कोठवर पोचलीस?

बंद, पण कितपत बंद?

चौकशीला आरंभ करण्यापूर्वी एक भेद करणे अवश्य आहे. ‘संगणक चालू होत नाही’ असे म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा संगणक वस्तुतः चालू झालेला असतो. बंद असतो तो पडदा. पडद्याची वीज वेगळ्या दोरीने येते, चित्र वेगळ्या दोरीने येते, आणि पडद्यालाही स्वतःचे बटण असते. झाडलोट करताना यांपैकी एखादी दोरी सैल झाली, की यंत्र आत निमूटपणे काम करीत असते आणि बाहेर मात्र अंधार दिसतो. म्हणून प्रथम कान द्यावा. पंखा ऐकू येतो काय? नंतर कळफलकावरील ‘नम लॉक’ ही कळ दाबावी. तिचा लहान दिवा दाबण्यासरशी लागत-विझत असेल, तर यंत्र जागे आहे, आणि शोध पडद्याच्या बाजूस घ्यावयाचा आहे.

दुसरी स्थिती अशी की, पंखा फिरतो, दिवे लागतात, परंतु पडदा तपासूनही चित्र येत नाही. वीज आत पोचली, पण विचार सुरू झाला नाही, असे तिचे वर्णन करता येईल. हिच्याकडे आपण नंतर वळू.

तिसरी स्थिती ती आपल्या केंद्रातील. तेथे काहीही हालचाल नाही. अशा वेळी विजेची वाट भिंतीपासून आत चालत जाणे हाच मार्ग.

भिंतीपासून पेटीपर्यंत

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची असते. ती दोन तारांनी फिरते. एका तारेस फेज म्हणतात व दुसरीस न्यूट्रल. तिसरी तार अर्थिंगची. ती काम करीत नाही, जीव वाचविते. सॉकेट तपासण्यासाठी बहुतेक घरांत निऑनचा टेस्टर असतो. तो फेजच्या भोकात घातला की लाल उजळतो आणि आपण म्हणतो, ‘वीज आहे.’ या निष्कर्षात एक खोट आहे. टेस्टर उजळण्यास अत्यंत क्षीण प्रवाह पुरतो, आणि तो प्रवाह आपल्या शरीरातून जातो. न्यूट्रलची तार तुटलेली असली तरी टेस्टर तितक्याच आनंदाने लागतो. यंत्र मात्र चालत नाही, कारण गेलेल्या विजेस परत येण्याची वाट राहिलेली नसते. वाऱ्यापावसात सैल होणाऱ्या तारांत न्यूट्रलची तार असण्याचा संभव काही कमी नसतो.

यास्तव टेस्टरपेक्षा दिवा बरा. त्याच सॉकेटात टेबलावरचा दिवा लावून पाहावा. तोही, मिळाला तर, तारेचा जुना बल्ब असलेला असावा. मोबाइलचा चार्जर लावून पाहण्याची हल्ली सवय आहे. परंतु चार्जर १०० व्होल्टपासून २४० व्होल्टपर्यंत कोणत्याही दाबावर काम करतो. दाब निम्म्यावर उतरला असला तरी तो तक्रार करीत नाही. अनेक एलईडी दिव्यांचीही तीच गोष्ट. तारेचा बल्ब मात्र प्रामाणिक असतो. दाब उतरला की तो मंद जळतो. तसा बल्ब नसेल तर टेबलपंखा लावावा आणि त्याचा वेग नेहमीचा आहे की नाही ते पाहावे. खेड्यात, दूरच्या रोहित्रावरून लांब तारेने आलेल्या विजेचा दाब संध्याकाळी पंप सुरू झाल्यावर किती खाली येतो, हे पंख्याकडे पाहून कळते.

तुटलेल्या न्यूट्रलचा याहूनही वाईट परिणाम एक आहे, आणि तो ठाऊक असावा. गावात वीज तीन फेजांनी येते. कोणत्याही दोन फेजांमध्ये सुमारे ४०० व्होल्ट दाब असतो. एक फेज व न्यूट्रल यांमध्ये २३० व्होल्ट. रोहित्राजवळची न्यूट्रल तुटली तर निरनिराळ्या फेजांवरील घरे एकमेकांशी जणू माळेत गुंफली जातात. अशा वेळी एखाद्या घरात दाब १०० व्होल्टपर्यंत उतरतो, तर दुसऱ्यात तो ३०० च्या बराच वर चढतो. ज्या घरात दाब चढतो, तेथे संगणकाच्या आत बसविलेला एक संरक्षक घटक स्वतः जळून जातो, त्याबरोबर वितळतार तुटते, आणि यंत्र मुके होते. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गजा’ चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिनम, पुदुक्कोट्टै या जिल्ह्यांत मिळून विजेचे लाखाहून अधिक खांब कोसळले होते. अशा उत्पातानंतर वीज पुन्हा येते त्या पहिल्या दिवशी महागडी यंत्रे लावू नयेत. प्रथम दिवा लावून काही वेळ पाहावे. दिवा डोळे दिपविण्याइतका प्रखर जळू लागला, तर मुख्य खटका तत्काळ बंद करणेच योग्य.

सॉकेट निर्दोष ठरले की पुढचा टप्पा यूपीएसचा. ही पेटी वीज गेल्यावर दहा-पंधरा मिनिटे संगणक चालता ठेवते. तिच्यात सामान्यतः १२ व्होल्टची, शिसे व आम्ल यांची बंदिस्त बॅटरी असते. उष्ण हवेत अशी बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. बॅटरी मेली म्हणजे फक्त आधार गेला, बाहेरची वीज असताना तरी यूपीएस चालेल, असा आपला समज असतो. तो नेहमी खरा ठरत नाही. अनेक यूपीएस प्रारंभी बॅटरीची परीक्षा घेतात, आणि ती मेलेली आढळली तर बाहेर वीज देण्याचेच नाकारतात. म्हणून यूपीएस वगळावा आणि संगणकाची दोरी सरळ भिंतीत लावावी. एक्स्टेंशन बोर्ड मध्ये असेल तर तोही काढावा. आपल्या कल्पित केंद्रातील मुलीने इतके केले असते, तर रांग बहुधा पुन्हा सरकू लागली असती. गावोगावच्या ‘मेलेल्या’ संगणकांमागे मेलेली यूपीएस-बॅटरी किती वेळा असते, याची गणना कोणी ठेवीत नाही. परंतु दुरुस्ती करणारा कोणीही माणूस या वाक्यास मान डोलावील.

मग दोरी. संगणकाच्या मागे लागणारी तीन पायांची काळी दोरी सर्वत्र एकाच प्रकारची असते. पडद्याचीही बहुधा तीच. म्हणून पडद्याची चालती दोरी संगणकास लावून पाहता येते. दोरी पूर्ण आत बसली आहे की नाही, तेही पाहावे. पेटीच्या मागे, दोरीच्या शेजारी, एक लहान खटका असतो. त्याच्या एका बाजूस उभी रेघ व दुसऱ्या बाजूस वर्तुळ असते. रेघ म्हणजे चालू. झाडूच्या धक्क्याने हा खटका वर्तुळाकडे गेल्याची उदाहरणे हसू येण्याइतकी आहेत. काही जुन्या पेट्यांवर ११५ व २३० असे आकडे असलेला तांबडा खटकाही आढळतो. त्याला हात लावू नये. तो ११५ वर सरकवून आपली वीज दिली, तर आतून एक मोठा आवाज येतो आणि पुढील चौकशीची गरजच उरत नाही.

बटण म्हणजे केवळ विनंती

येथवर आपण पेटीच्या बाहेर होतो. आत जाण्यापूर्वी एक गैरसमज दूर केला पाहिजे. दिव्याचे बटण आणि संगणकाचे बटण ही एकाच जातीची नव्हेत. दिव्याचे बटण दाबले की वीज त्याच बटणातून वाहू लागते. फार जुन्या संगणकांतही तसेच असे. १९९५ मध्ये इंटेल या कंपनीने ‘एटीएक्स’ नावाची रचना प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून टेबलावरच्या संगणकाचे बटण हे केवळ विनंती करणारे झाले.

ही विनंती कशी मान्य होते, ते पाहण्याजोगे आहे. पेटीच्या आत पॉवर सप्लाय नावाची एक धातूची डबी असते. बाहेरची २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज घेऊन ती १२, ५ व ३.३ व्होल्टची एकाच दिशेने वाहणारी वीज तयार करते. डबीत दोन भाग असतात असे समजावे. लहान भाग, दोरी भिंतीत असेतोवर, रात्रंदिवस जागा असतो आणि ५ व्होल्टचा किंचितसा प्रवाह मदरबोर्डाला देत राहतो. या प्रवाहावर मदरबोर्डाचा एक कोपरा पहारा करीत असतो. आपण बटण दाबतो तेव्हा मदरबोर्डावरील दोन बारीक खिळे क्षणभर एकमेकांस जोडले जातात, एवढेच. पहारेकरी तो इशारा ओळखतो आणि डबीकडे जाणाऱ्या हिरव्या तारेचा दाब शून्यावर आणतो. त्याबरोबर डबीचा मोठा भाग जागा होतो. सर्व दाब आपापल्या ठिकाणी स्थिर झाले, म्हणजे सेकंदाच्या एक दशांशापासून अर्ध्यापर्यंत जो वेळ लागेल त्यानंतर, डबी करड्या तारेने ‘वीज ठीक आहे’ असा निरोप पाठविते. तो निरोप मिळेपर्यंत संगणकाचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, मुद्दाम अडवून धरलेला असतो. इतका संवाद एका दाबण्यात सामावलेला आहे.

या रचनेचा शोध घेणाऱ्यास मोठा लाभ होतो. बहुतेक मदरबोर्डांवर एक बारीक दिवा असतो, तो या सदा जागणाऱ्या ५ व्होल्टांवर जळतो. पेटीच्या फटीतून किंवा एक बाजू काढून तो पाहता येतो. तो नसेल तर मागच्या बाजूस इंटरनेटच्या दोरीजवळचा दिवा, किंवा उंदराच्या, म्हणजे माउसच्या, पोटातला लाल प्रकाश पुष्कळदा तेच सांगतो. संगणक बंद असताना हा दिवा जळत असेल, तर वीजकेंद्रापासून डबीच्या लहान भागापर्यंतची सारी वाट एका दृष्टिक्षेपात निर्दोष ठरते. दोष बटणात, डबीच्या मोठ्या भागात वा बोर्डावर आहे. दिवा मृत असेल तर बोर्ड, मेमरी, डिस्क यांपैकी कशावरही लगेच संशय घेण्याचे कारण नाही. एका बारीक दिव्याने प्रश्न अर्धा केला. कोणताही लांब मार्ग तपासताना टोकापासून एकेक पाऊल चालण्यापेक्षा मधोमध उभे राहून ‘अलीकडे की पलीकडे’ असे विचारणे नेहमी कमी श्रमाचे असते. नव्या वस्तू आणून एकामागून एक बदलून पाहण्याची जी रीत बाजारात रूढ आहे, तिच्यात ग्राहकाचा पैसा जातो आणि दोषाचे ज्ञानही कोणास होत नाही.

दिवा मृत असल्यास, किंवा आदल्या रात्री विजा चमकल्या असल्यास, आणखी एक साधा उपाय करून पाहावा. दोरी भिंतीतून काढावी, संगणकाचे बटण पंधरा ते तीस सेकंद दाबून धरावे, काही मिनिटे थांबावे व दोरी पुन्हा लावावी. हा तोडगा मंत्रासारखा वाटतो, पण त्यामागे कारण आहे. दाबात धोकादायक चढउतार झाला की डबीतील संरक्षक मंडल दार लावून घेते, आणि पुष्कळ डब्यांत ते दार बाहेरची वीज पूर्णपणे तुटून आतील साठा संपल्याशिवाय उघडत नाही.

चालू होण्याचा क्षण

यंत्रे चालता चालता बंद पडतात, त्याचप्रमाणे ती सुरू होण्याच्या वेळीही बंद पडतात; किंबहुना आदल्या दिवशी सुरळीत असलेले यंत्र सकाळी उठत नाही, हा अनुभव अधिक. याचे कारण संगणकाच्या जन्माइतके जुने आहे. अमेरिकेतील ‘एनियॅक’ या पहिल्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक संगणकात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या. १९४६ मध्ये तो जगापुढे आला. त्याच्या चालकांच्या लवकरच ध्यानात आले की, नलिका मुख्यतः तापताना आणि निवताना जळतात. थंड तारेचा रोध कमी, म्हणून प्रथम प्रवाह जोराने घुसतो. तार झपाट्याने प्रसरण पावते, आणि कमकुवत जागी तुटते. यावर त्यांनी काढलेला उपाय असा की, यंत्र शक्यतो बंदच करावयाचे नाही.

आपल्याकडे मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली अशाच जातीचे यंत्र बांधले गेले. त्याची लहान प्रायोगिक आवृत्ती १९५६ मध्ये चालू झाली. पूर्ण यंत्र १९६० मध्ये कामास लागले, आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. स्मरणात ४० द्विमान अंकांचे २,०४८ शब्द मावत. असे यंत्र उघडे पडलेले शरीर असते. त्याचा प्रत्येक अवयव बोट ठेवता येईल असा, आणि तो बांधणाऱ्यांनीच दुरुस्तही करावयाचा. आजच्या संगणकाचा मेंदू नखाएवढ्या चकतीत गेला आहे, तेथे कोणाचेही बोट पोचत नाही. तथापि त्याला वीज पुरविणारा भाग अजूनही टिफ्रॅकच्या काळातल्याप्रमाणेच हाताळता येण्याजोगा, समजण्याजोगा आहे, आणि आपल्या सुदैवाने सुरू न होणाऱ्या संगणकातील पुष्कळसे दोष त्याच भागात असतात.

नलिका गेल्या, पण सुरुवातीच्या क्षणाचा ताण गेला नाही. पॉवर सप्लायमध्ये वीज साठविणारी मोठी धारित्रे असतात. दुरुस्तीवाले त्यांना कपॅसिटर म्हणतात. ती रिकामी असताना दोरी लावली की क्षणार्धात पुष्कळ प्रवाह आत ओढला जातो. धारित्राच्या पोटात एक द्रव असतो, तो उष्णतेने हळूहळू आटतो. साधारण नियम असा की, तापमान १० अंशांनी उतरले की त्याचे आयुष्य दुप्पट होते, आणि चढले की निम्मे. कुंभकोणमच्या उन्हाळ्यात, भाताच्या तुसाने पंख्याची जाळी बुजलेली असताना, पेटीच्या आत काय तापमान असेल याचा विचार करावा. म्हणजे ‘काल तर चालू होता’ या वाक्याचा अर्थ लागतो. थकलेले धारित्र चालत्या यंत्रास कसेबसे सावरून धरते. गार झालेल्या यंत्रास उठविण्याइतकी शक्ती त्याच्यात नसते.

सुमारे १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या अनेक मदरबोर्डांत सदोष द्रवाची धारित्रे बसविली गेली होती. ती अकाली फुगली, फुटली, आणि जगभर यंत्रे निकामी झाली. असा जुना बोर्ड शाळेत असेल तर टॉर्च घेऊन पाहावा. निरोगी धारित्राचे डोके सपाट असते. आजारी धारित्राचे डोके फुगलेले, किंवा त्यावर तपकिरी ओघळ दिसतो. ते बदलणे कुशल कारागिराला अवघड नाही, आणि बोर्ड बदलण्यापेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडते.

पेटी उघडल्यावर

पेटी उघडण्यापूर्वी दोरी भिंतीतून काढलेली असली पाहिजे, हे सांगून सोडण्याजोगे नाही. स्वतः जाऊन पाहावे. नंतर पेटीच्या उघड्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगावर साठलेली स्थिर वीज तेथे उतरेल. आतील धूळ कोरड्या मऊ कुंचल्याने काढावी. पाली, झुरळे व मुंग्या यांना संगणकाची ऊब आवडते. पाल तारांच्या मधोमध सापडून मेलेली असणे हे कौतुकाचे दृश्य नव्हे, पण ते एक निदान आहे.

दिवा जळतो आणि बटण निरुत्तर आहे, अशा वेळी प्रथम बटणावरच संशय घ्यावा; रोज दाबले जाणारे ते एकच अंग आहे. त्याची परीक्षा सोपी आहे. पेटीवर बहुधा ‘रिसेट’ नावाचे दुसरे बटण असते. दोन्हींच्या बारीक जोडतारा मदरबोर्डाच्या एकाच कोपऱ्यात येतात. रिसेटची जोडतार काढून मुख्य बटणाच्या दोन खिळ्यांवर बसवावी, दोरी लावावी आणि रिसेट दाबावे. यंत्र उठले तर दोष काही रुपयांच्या बटणात होता, आणि नवे मिळेपर्यंत केंद्राचे काम रिसेटवर चालेल.

यंत्र उठण्याचा प्रयत्न करते, पंखा एक झटका घेतो आणि थांबतो, ही खूण निराळी. डबी जागी झाली, परंतु कोठेतरी प्रवाहास आडवाट मिळालेली पाहून तिने स्वतःस आवरले, असा तिचा अर्थ. अशा वेळी जे जे अनावश्यक ते दोरी काढून वेगळे करावे : छापयंत्र, पेन ड्राइव्ह, डिस्कच्या तारा. एकेक काढून पाहत गेल्यास दोषी आपोआप उघड होतो. मोडका यूएसबी सांधा, ज्याच्या आतील पत्रे एकमेकांस टेकले आहेत, तो एकटा सबंध संगणक रोखून धरू शकतो.

पंखे फिरतात पण पडदा रिकामाच, ही जी स्थिती आपण मागे ठेवली होती, तिच्यात मेमरीची पट्टी पाहावी. दमट हवेत तिच्या सोनेरी दातांवर पुट चढते. पट्टी काढून दात कोऱ्या खोडरबराने हलके पुसावे, चुरा झटकावा आणि पट्टी दोन्ही कानांचा ‘टक्’ आवाज होईपर्यंत दाबून बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी. बोर्डाला लहान कर्णा जोडलेला असेल तर यंत्र शिट्ट्यांनी आपली तक्रार सांगते. शिट्ट्यांची संख्या व लांबी लिहून ठेवावी, तिचा अर्थ बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत मिळतो. नाण्याच्या आकाराच्या ३ व्होल्टच्या बॅटरीला मात्र लोक उगाच दोष देतात. ती संपली की घड्याळ मागे पडते आणि मांडणी विसरली जाते. केवळ तिच्यामुळे यंत्र मृत होणे विरळा.

डबीचीच परीक्षा घ्यावयाची, तर ते काम मोठ्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली करावे, आणि मल्टिमीटर असेल तरच. मदरबोर्डाचा रुंद जोड काढून ठेवावा. भिंतीतील वीज चालू असता जांभळ्या तारेवर नेहमी ५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेस तारेच्या तुकड्याने जोडली की डबीचा पंखा फिरू लागतो. मग पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, तांबड्यावर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट यांच्या आत मोजमाप यावे. नव्या डब्यांत साऱ्याच तारा काळ्या असतात. तेथे रंगावर न जाता जोडाच्या नकाशावरून जागा ओळखावी लागते. नुसता पंखा फिरला म्हणजे डबी निरोगी, असे मात्र समजू नये. ओझे नसताना ताठ चालणारा बैल गाडीला जुंपल्यावर बसतो, तशाही डब्या असतात.

येथे एक मर्यादा आहे, आणि ती ओलांडू नये. संगणकाची पेटी उघडावी. पॉवर सप्लायची डबी उघडू नये. तिच्यातील मोठ्या धारित्रावर सुमारे ३२५ व्होल्ट एकदिश दाब साठतो, कारण २३० हा आकडा उलटसुलट विजेची सरासरी परिणामकारकता सांगतो. तिचा शिखरदाब त्याच्या १.४१ पट असतो. दोरी काढल्यानंतरही हा साठा काही काळ टिकतो. वितळतार बदलण्याच्या हेतूनेही तेथे बोट घालू नये. शिवाय त्या डबीतील वितळतार तुटली असेल, तर बहुधा तिच्यापुढचे काहीतरी आधी जळलेले असते. नवी वितळतारही तत्क्षणी तुटेल. डबी सबंधच बदलतात, आणि चार मळसूत्रे सोडली की ती निघते.

अनेकांच्या मनात खरी भीती वेगळीच असते. संगणक गेला, आता शाळेचे गुणपत्रक, संस्थेचे खाते, वाचनालयाची पुस्तकांची यादी हे सारे गेले, असे त्यांस वाटते. तसे सहसा होत नाही. माहिती डिस्कवर असते, आणि वीज न पोचल्याने डिस्कवरचे लिखाण पुसले जात नाही. दाब एकाएकी चढला असेल तर डिस्कलाही इजा होऊ शकते, हे खरे. एरवी डिस्क काढून, थोड्या रुपयांच्या यूएसबी जोडणीने दुसऱ्या संगणकास लावली की तीवरील कागदपत्रे बहुधा जशीच्या तशी वाचता येतात. मुदतीचा दिवस असेल तर प्रथम हेच करावे. विम्याचे अर्ज शेजारच्या केंद्रातूनही भरता येतात. यंत्राची चौकशी संध्याकाळी, रांग गेल्यावर, शांतपणे करावी.

आणि इतके करूनही यंत्र दुरुस्तीस पाठविणे भागच पडले, तर त्याच्याबरोबर एक चिठ्ठी द्यावी. तीत ‘चालू होत नाही’ एवढेच न लिहिता असे लिहावे : सॉकेटात बल्ब पूर्ण तेजाने लागतो; यूपीएस वगळून पाहिला; पडद्याची दोरी लावून पाहिली; बोर्डावरचा दिवा जळतो; रिसेट बटणानेही उठत नाही; रात्री नऊच्या सुमारास वीज दोनदा गेली व आली होती. अशी चिठ्ठी वाचणारा कारागीर पहिला अर्धा तास वाचवितो, आणि ज्या गिऱ्हाइकाने ती लिहिली त्यास ‘बोर्ड गेला’ असे सांगण्यापूर्वी तो एकदा बोर्ड उघडून पाहतो.